शहरातील कृत्रिम खळाळात पहिला दिवस : क्रम कसा लावावा आणि कशाला जपावे

तुमचा प्रश्न असा आहे : शहरातील कृत्रिम खळाळाच्या, म्हणजे मुद्दाम तयार केलेल्या वेगवान, फेसाळ पाण्याच्या केंद्रात सहकुटुंब एक पूर्ण दिवस काढायचा आहे आणि राफ्टिंग, कयाकिंग व उभ्याने वल्हवायची फळी म्हणजे सप, हे तिन्ही प्रकार करून पाहायचे आहेत. तुम्हाला पोहता येते, पत्नीला जेमतेम तरंगता येते आणि मुलगी तेरा वर्षांची आहे. तेव्हा क्रम कसा ठेवावा, धोका कितपत आहे आणि तेथे जमले तर पुढे खऱ्या नदीवर जाता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

क्रमाचे उत्तर आधी देतो. सकाळी शांत पाण्यावर सप किंवा उघडी कयाक घ्यावी. त्यानंतर केंद्रात खळाळात पोहण्याचा सराव करून घेत असतील तर तो आवर्जून करावा आणि मगच राफ्टमध्ये बसावे. ज्यात कमरेपर्यंतचे शरीर आत अडकवून बसावे लागते ती बंदिस्त कयाक त्या दिवशी फक्त शांत पाण्यावर चालवावी. बहुतेक कुटुंबे नेमका उलटा क्रम लावतात, कारण राफ्टिंग हे मुख्य आकर्षण असते आणि अंगात दम असतानाच ते उरकावे असे वाटते. माझ्या मते क्रम थरारावरून ठरवू नये. नावेबाहेर, पाण्यात, आपण किती सावध राहू शकतो, यावरून तो ठरवावा. खळाळात नावेतून पडणे नेहमीचेच असते आणि पडल्यानंतरचे पहिले दहा-पंधरा सेकंद कसे जातात यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

ही केंद्रे चालतात कशी, हे समजले की तेथील बऱ्याचशा सूचनांचा अर्थ आपोआप लागतो. काही मार्ग नदीचे किंवा कालव्याचे पाणी वळवून केलेले असतात आणि त्यांत पाणी उताराने आपसूक वाहते. जर्मनीतील ऑग्सबर्ग येथील आइसकनाल हा १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी लेख नदीच्या पाण्यावर बांधलेला मार्ग याच प्रकारचा आहे. शहरांतील पुष्कळ नवे मार्ग मात्र पंपांवर चालतात. खालच्या तळ्यातील पाणी पंपांनी वरच्या तळ्यात चढवायचे, ते काँक्रीटच्या वळणदार नाल्यातून पुन्हा खाली सोडायचे आणि हे चक्र दिवसभर चालू ठेवायचे, अशी ती रचना असते. सिडनीजवळच्या पेनरिथ येथील २००० च्या ऑलिंपिकचा मार्ग सुमारे ३२० मीटर लांब असून त्याचा एकूण उतार साडेपाच मीटर आहे आणि त्यातून सेकंदाला १४ घनमीटर, म्हणजे जवळजवळ पाचशे क्युसेक पाणी वाहते. धरणाच्या विसर्गाचे आकडे वाचायची सवय असलेल्याला पाचशे क्युसेक किरकोळ वाटतील, पण ते एका अरुंद नाल्यातून, तुमच्या छातीवरून जात असतात, हे ध्यानात घ्यावे. सेकंदाला १४ घनमीटर म्हणजे सेकंदाला १४ टन. एवढे पाणी सतत वर चढवायला वीज फार लागते, म्हणून ही केंद्रे ठरावीक वेळांच्या सत्रांत चालतात आणि सत्राची वेळ चुकली तर सहसा पुढे ढकलून मिळत नाही. खाली पोहोचलेल्या राफ्ट बहुतेक ठिकाणी सरकत्या पट्ट्यावरून, माणसे आत बसलेली असतानाच, वर नेल्या जातात. त्यामुळे एका सत्रात तोच मार्ग अनेकदा उतरता येतो.

शिकणाऱ्याला कृत्रिम पाण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. प्रत्येक फेरीत लाट तीच, तिची जागाही तीच. नदीवर एकदा निसटलेली लाट पुन्हा गाठायची तर नाव खांद्यावर घेऊन काठाने मागे चालावे लागते, आणि पाऊस किंवा विसर्ग बदलला तर ती लाट तेथे असेलच असे नाही. आइसकनालवर १९७२ मध्ये स्लॅलम हा प्रकार ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला, म्हणजे खळाळात टांगलेल्या खांबांच्या फाटकांतून नाव काढत वेळ मोजण्याची शर्यत, तेव्हा चारही सुवर्णपदके पूर्व जर्मनीने नेली, कारण त्यांनी त्विकाऊ येथे या मार्गाची प्रतिकृती बांधून तिच्यावर आधीच सराव केला होता. नदीची अशी नक्कल करता आली नसती. तेव्हा तुमच्या सत्रात पाच फेऱ्या मिळाल्या, तर पाचही वेळा केवळ आरडाओरडा करण्यात घालवू नका. दुसऱ्या फेरीपासून एकच जागा निवडून तेथे पाणी काय करते आणि गाइड नेमक्या कोणत्या क्षणी राफ्ट वळवतो, हे पाहत राहा.

पाणी पाहायचे म्हणजे काय, हेही सांगतो. प्रवाहात अडथळा असला की त्याच्या खालच्या अंगाला एक आडोसा तयार होतो. तेथील पाणी संथ असते किंवा चक्क उलट, वरच्या दिशेला वाहत असते. याला सगळे एडी म्हणतात, आणि खळाळातील थांबायच्या जागा याच. मुख्य प्रवाह व एडी यांच्या सीमेवर पाण्याची एक ठळक, चुळबुळती रेघ दिसते. नवशिक्यांच्या नावा सर्वाधिक उलटतात त्या या रेघेवर, मोठ्या लाटांत नव्हे, कारण नावेचा अर्धा भाग एका दिशेला ओढला जातो आणि अर्धा दुसऱ्या. प्रवाहाच्या दिशेने टोक असलेली, गुळगुळीत पाण्याची जीभ दिसली तर ती बहुधा मोकळी वाट असते. वरच्या दिशेला टोक असलेला त्रिकोण दिसला तर टोकाशी काहीतरी दडलेले आहे असे समजावे. पाणी एखाद्या पायरीवरून पडून खाली पुन्हा स्वतःकडेच मागे वळते, त्या फेसाळ जागेला होल म्हणतात. चांगल्या केंद्रातील होल असे रचलेले असतात की माणूस त्यात क्षणभर घुसळला तरी बाहेर फेकला जातो. अनेक मार्गांत तळाला जोडलेले प्लास्टिकचे ठोकळे हलवून लाटांचा आकार बदलता येतो.

आता धोक्याविषयी. पाणी बंद करता येते, काठावर दोर घेऊन माणसे उभी असतात आणि तळात झाडाच्या फांद्या नसतात, म्हणून हे खेळणे आहे असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. गुडघाभर वेगवान पाण्यातही धडधाकट माणूस उभा राहू शकत नाही, आणि उभे राहण्याचा प्रयत्न करणे हीच सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. पाऊल तळातील फटीत अडकले आणि प्रवाहाने अंग पुढे ढकलले, तर छातीएवढ्या पाण्यातही तोंड वर ठेवता येत नाही. काँक्रीटच्या तळात अशा फटी नदीपेक्षा कमी असतात, पण ठोकळ्यांच्या आसपास त्या नसतातच असे नाही. शिवाय काँक्रीट खरखरीत असते आणि काही ठिकाणी पाणी उथळ असते. कोपर, गुडघे आणि घोटे तेथे सोलवटतात.

म्हणून पोहण्याच्या सरावावर माझा भर आहे. पडल्यावर प्रथम पाठीवर व्हावे, पाय प्रवाहाच्या खालच्या दिशेला घ्यावेत, गुडघे किंचित वाकवावेत आणि पायाची बोटे पाण्याबाहेर दिसतील एवढी वर ठेवावीत. त्यामुळे समोरचा आघात तळव्यांवर येतो आणि पाय तळात अडकत नाहीत. श्वास लाटेच्या माथ्यावर घेऊ नये, कारण तेथेच पाणी तोंडावर फुटते. दोन लाटांमधल्या खोलगट भागात तो घ्यावा. ही निवांत अवस्था झाली, पण नुसते वाहत राहणे पुरेसे नसते. एडी जवळ आली की पालथे होऊन, काठाकडे तिरका रोख धरून, जोरात हात मारत ती रेघ ओलांडावी लागते. अर्धवट प्रयत्न केला तर रेघ तुम्हाला पुन्हा प्रवाहात ढकलते. कोणी दोर फेकला तर दोर पकडावा, तो ज्यात भरलेला असतो ती पिशवी नव्हे, कारण पिशवीत अजून दोर शिल्लक असू शकतो आणि तो सुटत राहतो. दोर छातीशी दोन्ही हातांनी धरावा, खांद्यावरून मागे जाऊ द्यावा आणि पाठीवरच राहावे. दोर हाताला कधीही गुंडाळू नये. काठावरचा माणूस घट्ट उभा राहतो आणि प्रवाहच तुम्हाला झोक्यासारखा काठाला आणून लावतो.

पत्नीच्या बाबतीत माझे मत असे की, पोहण्याचे कौशल्य आणि पाण्यातील निर्धास्तपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाइफ जॅकेट अंगावर असताना बुडण्याची भीती बरीच कमी होते, पण तोंडावर पाणी आदळले की काही जणांचा श्वास अडकतो, हातपाय ताठ होतात आणि सूचना ऐकू येणे बंद होते. त्यांनी आधी शांत तळ्यात, जॅकेट घालून, मुद्दाम पाण्यात उडी मारून पाहावे आणि दोन-तीन मिनिटे पाठीवर तरंगावे. तोंडावर पाणी उडूनही त्या बोलू शकत असतील, तर केंद्राच्या अटीत बसत असल्यास त्यांनी राफ्टमध्ये जरूर जावे. तसे जमत नसेल तर त्या दिवशी त्यांनी शांत पाण्यावरच थांबावे, आणि कुटुंबाने त्यांना भरीस घालू नये. काही केंद्रे खळाळात जाणाऱ्यांकडून पोहण्याची छोटी चाचणी घेतात. ती टाळण्याची सोय शोधू नये.

राफ्टिंगविषयी तुलनेने थोडेच सांगण्यासारखे आहे, कारण दिशेचे काम गाइड करतो. सहा ते आठ जण हवा भरलेल्या राफ्टच्या कडेवर बसतात. आत बसत नाहीत, कारण आत बसून वल्हे पाण्यापर्यंत पोहोचत नाही. पाय आडव्या फुग्याखाली किंवा तळातील खोबणीत टेकवायचा असतो, पण तो घट्ट रुतवायचा नसतो. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी मूठ असते, आणि तिच्यावरचा हात कधीही सुटता कामा नये. राफ्टमध्ये दात आणि ओठ फुटण्याचे नेहमीचे कारण शेजाऱ्याची मोकळी सुटलेली मूठ हेच असते, आणि हे जवळजवळ पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे. लाट येताच वल्हे वर उचलून किंचाळण्याचा मोह होतो, पण त्याच क्षणी वल्हे पाण्यात खुपसून ओढले तर वल्ह्याचाच आधार मिळतो आणि माणूस आत टिकतो. मुलीचे वजन कमी असल्याने ती सहज उडेल, म्हणून तिला पुढच्या जागेऐवजी मधल्या जागेवर बसवावे. वय, उंची आणि वजन यांच्या केंद्राच्या अटी आधी विचारून घ्याव्यात, कारण जॅकेट नीट बसणे वजनावर अवलंबून असते. जॅकेटचे सगळे पट्टे आवळल्यावर कोणाला तरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावे. ते कानांपर्यंत सरकले तर सैल आहे. राफ्ट उलटून तुम्ही तिच्याखाली वर आलात, तर हात वर टेकवून एकाच दिशेने तळ चाचपत सरकावे, म्हणजे दोन-तीन हातांत बाहेर याल. पुन्हा वर घेताना जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरून खेचतात. त्या वेळी पाय जोरात झाडून मदत करावी. उलटलेल्या किंवा भरलेल्या राफ्टच्या खालच्या अंगाला, म्हणजे राफ्ट आणि पुढचा अडथळा यांच्यामध्ये, मात्र कधीही राहू नये.

सप शांत पाण्यावर फार लवकर जमते. आधी गुडघ्यांवर बसून थोडे वल्हवावे, मग फळीच्या मधोमध, खांद्याएवढे अंतर ठेवून उभे राहावे आणि नजर पायांकडे न ठेवता समोर ठेवावी. वल्ह्याचे पाते दांड्याशी किंचित वाकलेले असते आणि नवशिके हटकून ते उलटे धरतात. ते वाकण पुढच्या दिशेला असावे. वारा असेल तर सुरुवातीला वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परतताना वारा मदतीला येतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट घोट्याला बांधायच्या दोरीची आहे. शांत पाण्यावर ती उपयोगी असते, पण वाहत्या पाण्यात घोट्याची दोरी कधीही वापरू नये. दोरी अडकली तर प्रवाह तुम्हाला खाली ओढून धरतो आणि त्या जोराविरुद्ध वाकून घोट्यापर्यंत हात नेणे अशक्य होते. वाहत्या पाण्यासाठी कमरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी दोरी मिळते. काही ठिकाणी दोरीच वापरू देत नाहीत.

बंदिस्त कयाकची भीती बहुतेकांना आत अडकून उलटण्याची असते. ती रास्त असली तरी तिच्यावरचा उपाय शिकवता येतो. उलटल्यावर अंग पुढे, नावेच्या पृष्ठभागाकडे वाकवावे, म्हणजे डोके तळापासून सुरक्षित राहते. मग नावेवर थापा मारून आपण शुद्धीवर असल्याची स्वतःला आणि काठावरच्यांना खूण करावी, कमरेच्या आवरणाचा, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून नावेचे तोंड झाकणाऱ्या कापडाचा, पुढचा फास ओढावा आणि दोन्ही हातांनी नाव पुढे ढकलत पाय बाहेर काढावेत. हे गळ्याएवढ्या शांत पाण्यात प्रशिक्षक शेजारी उभा असताना करावे, आणि फास बाहेर आहे की आवरणाखाली दबला आहे हे प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी हाताने तपासावे. फास आत राहिलेला असणे हे खऱ्या अडचणीचे सर्वांत साधे कारण आहे. पुढे कधी प्रवाहात गेलात तर एडीतून बाहेर पडताना नाव प्रवाहाच्या खालच्या दिशेला कलती ठेवावी. प्रवाह जिकडून येतो त्या बाजूची कड पाण्यात बुडाली की प्रवाह तिच्यावर चढतो आणि नाव डोळ्याचे पाते लवायच्या आत उलटते. तोल सावरताना कोपरे शरीराजवळ व खांद्यांच्या खाली असावीत. हात डोक्यावर, मागे ताणलेला असताना वल्ह्यावर झटका बसला तर खांदा निखळतो. पूर्वी खांदा निखळलेला असेल तर कयाकिंगचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, अपस्मार आणि हृदयविकार यांबाबत राफ्टिंगलाही हेच लागू आहे.

पाण्याच्या दर्जाविषयी कोणी सहसा विचारत नाही, पण विचारावे. पंपांनी फिरवले जाणारे पाणी गढूळ आणि कोमट असेल तर क्लोरीनचा बराच भाग सेंद्रिय गाळातच खर्च होतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील अशा एका केंद्रात राफ्टिंग केल्यानंतर एका तरुणीचा नेग्लेरिया फाउलेरी या अमीबामुळे मृत्यू झाला होता. हा संसर्ग अत्यंत विरळा आहे. तो पाणी गिळल्याने होत नाही, नाकात जोराने पाणी शिरल्याने होतो. पाणी कसे गाळले आणि तपासले जाते, याचे सरळ उत्तर न देणाऱ्या केंद्रात मी जाणार नाही, आणि उन्हाळ्यातील कोमट पाण्यात नाकाची क्लिप लावेन. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नये. चष्म्याला मागून पट्टी लावावी. नैसर्गिक जलस्रोतावरील केंद्रात जखम उघडी असेल तर ती जलरोधक पट्टीने झाकावी, आणि त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप व अंगदुखी आली तर पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा विचार वेळेत होतो.

कपड्यांचे काय, तर सुती कपडे नकोत. चटकन वाळणारे किंवा केंद्राने दिलेला वेटसूट घालावा. बोटे झाकणारे, पायात घट्ट बसणारे बूट हवेत. अंगठ्या काढून ठेवाव्यात. पाणी १५ अंशांपेक्षा थंड असेल तर पहिल्या मिनिटात अनावर धाप लागते. ती ओसरेपर्यंत पोहण्याची घाई न करता तरंगत राहावे.

खऱ्या नदीवर जाता येईल का, याचे उत्तर होय असे आहे, पण केंद्रातील वर्गाची तुलना नदीच्या वर्गाशी सरळ करू नये. खळाळाची काठिण्यपातळी एक ते सहा अशा वर्गांत मोजतात आणि कृत्रिम मार्ग बहुतेक वेळा दोन ते चार यांत मोडतात. केंद्रात तिसरा वर्ग सहज उतरलेल्या माणसाने नदीवर दुसऱ्या वर्गापासून, आणि तोही जाणकार गटासोबत, सुरुवात करावी. नदीत पाणी बंद करता येत नाही, मदत तासाभराच्या अंतरावर असू शकते आणि पाण्याची पातळी दुपारपर्यंत बदललेली असू शकते. पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी गाळणीतल्यासारखे निघून जाते, माणूस मात्र अडकतो. हा धोका केंद्रात कधी दिसलेलाच नसतो. तसेच नदीवर आडवा, एकसंध, कमी उंचीचा बंधारा लागला तर तो दिसायला केंद्रातील सर्वांत लहान पायरीपेक्षाही निरुपद्रवी वाटतो. पण त्याच्या पायथ्याशी पाणी काठापासून काठापर्यंत मागे वळत असते आणि बाहेर फेकणारी फट त्यात कोठेच नसते, त्यामुळे लाइफ जॅकेट घातलेला माणूसही तेथे पुन्हा पुन्हा खाली ओढला जातो. असा बंधारा पुढे आहे हे नकाशावरून आधीच पाहून ठेवावे, त्याच्या बऱ्याच अलीकडे काठाला लागावे आणि नाव उचलून चालत पलीकडे न्यावी.